डावखुऱ्याची अक्षरं

एरवी दहा निरोप धाडल्याशिवाय न फिरकणारा जावई भरदुपारी कचेरी सोडून आपण होऊन सासऱ्याच्या कारखान्यात आला, तेव्हाच पाथरवटाच्या मनात पाल चुकचुकली. त्यात त्याने विचारलं, "मामा, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत काही म्हणत नाही. तुम्ही काय म्हणता ते सांगा."

जावयाने खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. तिच्यावर जुन्या लिपीतली सहा अक्षरं होती. सही नाही, शिक्का नाही.

"साहेबांचं काम आहे. वेशीचा दगड दुरुस्तीला तुमच्याकडेच उतरवलाय. त्याची खालची वीतभर पट्टी भिंतीत गाडलेली होती ना? तिच्यावर एवढं कोरायचं. मग थोडं घासायचं, काजळी चोळायची. दोन हजार वर्षांचं दिसलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात पेपरवाल्यांसमोर दगड उघडा करायचाय."

"म्हणजे ते सापडणार."

"हां. सापडणार."

पाथरवट अंगणात ओंडक्यांवर आडव्या टाकलेल्या दगडाकडे बघत राहिला. या शहराने नावं किती बदलली? पहिल्या राजाने राणीचं दिलं. त्याला ज्यांनी बुडवलं त्यांनी आपल्या देवाचं दिलं. मग गलबतांतून आले ते. त्यांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी ते नाव मधोमध तोडलं आणि तुटकंच कोरून घेतलं. चौथे म्हणाले, हे सगळं खोटं, खरं नाव याहून जुनं आहे. त्यांनी दगड उलटा केला, तर काय नवल, मागच्या अंगाला ते नाव तयारच. शाळेत तेच घोकून घेतलं. आता चौथे गेले, पाचवे आले, आणि यांना त्याहून जुनं पाहिजे. दर वेळी घासून घासून दीड वीत जाडीचा दगड चार बोटांवर आला होता. राज्य करणाऱ्यांना गटारं बांधता येत नाहीत, नावं तेवढी ठेवता येतात. बाजारातली माणसं आजही 'गावात जाऊन येतो' एवढंच म्हणतात.

"लेखी हुकूम आणा," पाथरवट म्हणाला.

"लेखी कशाला? घरचंच काम आहे."

"घरचं असतं तर तुम्ही सारखे मागे वळून फाटकाकडे बघत नसता."

जावई हसला. हसणं ओठांच्या पुढे काही गेलं नाही.

पाथरवट पट्टी मोजायला दगडाशी उकिडवा बसला. चौथ्यांचं ते नाव उभा जन्म त्याने खालून, मान वर करून वाचलं होतं. आज पहिल्यांदा ते हाताशी आलं होतं. सवयीने त्याने अक्षराच्या खाचेत बोट घातलं आणि बोट तिथंच थबकलं. घाव उलटे कलले होते. उजव्या हाताने ठोकणाऱ्याचे असे पडत नाहीत. त्याने दुसरं अक्षर चाचपलं, तिसरं चाचपलं. सगळी डावखुऱ्याची.

या शहरात डावखुरा पाथरवट एकच होऊन गेला. त्याचा बाप.

त्याला तो दिवस आठवला. चाळीस वर्षांपूर्वी दगड उलटा केला, नाव दिसलं, गर्दीने टाळ्या वाजवल्या. बापाचे हात तेवढे खिशातच राहिले होते. आठ दिवसांनी सरकारी दगड चोरला म्हणून बापाला नेलं. चोराचं पोर म्हणवून घेत हा मोठा झाला. बाप परत आला नाही.

"जावईबापू, परवा तुम्ही विचारत होता, माझ्यामागे कारखान्याचं काय."

"सहज विचारलं होतं."

"मग शिकून घ्या." त्याने छिन्नी आणि हातोडा पुढे केला. "पहिलं अक्षर तुम्ही कोरा. मी धरतो."

जावयाने दोन्ही हात पाठीमागे नेले. तापलेली कढई पुढे केल्यासारखे.

तेवढ्यात माहेरपणाला आलेली मुलगी चहा घेऊन आली. तिने नवऱ्याचे पाठीमागचे हात बघितले, मग बापाचं तोंड. "धरा की. बाबा एवढं म्हणतायत तर."

"माझं काम नाही ते," जावई म्हणाला.

"माहीत होतं ना तुम्हाला?" पाथरवटाने विचारलं. "कोरणाऱ्याचं पुढे काय होतं ते?"

जावई फाटकाकडे बघत होता.

पाथरवटाने तळहात दगडावर ठेवून बापाची अक्षरं एकदा सगळी चाचपली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मोठा हातोडा उचलला. दगडाची शीर कुठून जाते हे त्याला बघावं लागलं नाही. त्याने एकच घाव घातला. चार बोटांचा दगड पापडासारखा तडकला. खालच्या पट्टीचे तीन तुकडे झाले.

"मुद्दाम केलंत," जावयाचा आवाज चिरकला. "साहेबांना काय सांगू?"

"फुटका होता म्हणा."

"खोटं बोलू?"

पाथरवटाने त्याच्याकडे बघितलं. मग चिठ्ठी घडी करून आपल्या छातीच्या खिशात ठेवली. ती परत घ्यायला जावयाचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

"आपोआप फुटला," मुलगी म्हणाली. "मी इथंच उभी होते. चिठ्ठी कुणी आणली तेही मी आतून बघितलंय. चहा घ्या, निवतोय."

जावयाने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. आधी त्याने चहात नीट बघितलं, मग बायकोकडे.