दहा मिनिटांची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. पाय तीनच आहेत, पण मित्रांनो, माझी कीव करू नका. चार पायांच्या खुर्चीला सपाट जमीन लागते. मला गोठ्यातले दगड चालतात आणि तडे गेलेली फरशीही चालते. जिथे ठेवाल तिथे मी घट्ट बसते. मी हट्टी आहे हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझी गोष्टच हट्टाची आहे.

इटलीच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात तीते नावाचा शेतकरी होता. वठलेल्या तुतीच्या खोडातून त्याने मला घडवले. माझ्यावर बसून तो आपल्या तीन गाईंची धार काढी आणि त्याची मुलगी नीवेस शेजारी उभी राहून शिके. गाईजवळ रोज एकाच बाजूने जायचे. आधी बोलायचे, मग बसायचे, तळहात चोळून ऊबदार करायचे आणि मगच हात लावायचा. घाई केलीस तर गाय पान्हा चोरेल आणि मग तू डोके आपटलेस तरी थेंब मिळणार नाही, असे तीते तिला बजावी.

पुढे तीते थकला, गाई विकल्या गेल्या आणि माझी रवानगी लाकडांच्या खोपटात झाली. सहा वर्षे कोंबड्यांनी माझ्यावर बसून काय काय केले, ते सांगत नाही. एका थंडीत तर मला चुलीत घालायच्या ढिगावर ठेवले होते. हे मी अजून विसरलेले नाही. त्या ढिगावरून मला नीवेसने उचलले, घासून धुतले आणि सायकलच्या मागे बांधून टेकडीवर नेले.

आमच्याकडे कोणी 'टेकडीवर गेला' असे म्हटले की पुढचे विचारत नसत. तिथे मनोरुग्णांचे इस्पितळ होते आणि नीवेस तिथे परिचारिका होती. बायकांच्या विभागातले बाक भिंतीला बोल्टांनी आवळलेले होते, कोणी उचलून फेकू नयेत म्हणून. परिचारिकांना बसायला काहीच नव्हते. त्या दिवसभर उभ्या असत. त्यामुळे बाकावरच्या बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर काय येई, तर एक पांढरा एप्रन आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा. हे नीवेसच्या लक्षात आले होते. म्हणून तिने मला आणले.

विभागाची मुख्य परिचारिका एजिदियाबाई सव्वीस वर्षे तिथे होती. मला पाहून ती कपाळावर हात मारून हसली. इथे धार काढणार आहेस का, असे तिने विचारले. हो, तसेच समजा, असे म्हणून नीवेस मला घेऊन थेट खिडकीशी गेली.

खिडकीशी बाकाच्या टोकाला अल्बीना बसे. वय अठ्ठावन्न. पूर्वी ती लोकांचे कपडे धुई, त्यामुळे मनगटे अजून दणकट होती. गेली नऊ वर्षे ती एक शब्दही बोलली नव्हती. नोंदवहीत रोज तिच्या नावापुढे 'बोलत नाही' असे लिहीत. खरे सांगायचे तर बोलायची तिला गरजच ठेवली नव्हती. तिथली रीतच तशी होती. डॉक्टरांनी विचारावे, अल्बीनाला झोप लागते का? एजिदियाबाईने सांगावे, लागते. तिला सूप आवडते का? आवडते. यात दुष्टपणा नव्हता हो, माया होती. पण त्या मायेने अल्बीनाच्या वाट्याचे सगळे शब्द खाऊन टाकले होते.

नीवेसने मला बाकासमोर ठेवले आणि ती बसली. मी बुटकी, म्हणून तिचे डोळे अल्बीनाच्या डोळ्यांपेक्षा जरा खालीच आले. इतर सगळे अल्बीनाला अगं-तुगं करीत. नीवेस म्हणाली, "अल्बीनाबाई, मी नीवेस. दहा मिनिटं बसणार आहे. तुम्ही बोललंच पाहिजे असं काही नाही."

दहा मिनिटे झाली की ती सांगून उठे. उद्या पुन्हा दहा वाजता येईन म्हणे आणि येई. रोज डाव्या बाजूनेच येई. रजा असेल तर आदल्या दिवशी सांगे. असे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत चालले. अल्बीना खिडकीबाहेर बघे. मी कुरकुरले नाही, नीवेसही नाही.

एजिदियाबाई मात्र टोमणे मारी. एकदा ती म्हणाली, "नीवेस, ती गाय आटलीय गं. किती दिवस बसणार आहेस तिच्यापुढे?"

"गाय नाही, बाई आहे ती," नीवेस म्हणाली. "आणि आटलेली नाही, थांबलेली आहे."

अशी इस्पितळे हळूहळू बंद करायचा नवा कायदा झाला आणि जूनमध्ये आमचा विभाग बंद होणार असे ठरले. संत मार्टिनचा दिवस ही मुदत पडली. आमच्याकडे बिऱ्हाड हलवायचे ते त्याच दिवशी, नोव्हेंबरच्या अकराला, अशी जुनी पद्धत आहे. गावात चौघींसाठी एक घर घेतले होते. त्याला कुलूप असणार होते, पण किल्ली आतल्यांकडे राहणार होती. तिथे जायचे की नाही हे प्रत्येकीने स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते. जी सांगणार नाही तिला दूरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या इस्पितळात पाठवणार होते. तिथून कोणी परत आल्याचे मी ऐकले नव्हते.

नीवेसने हे सगळे अल्बीनाला जसेच्या तसे सांगितले. सगळे ठीक होईल असे खोटे आश्वासन तिने दिले नाही. मला भीती वाटते आहे, असेही ती म्हणाली. अल्बीनाने पहिल्यांदा खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिले.

आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी अल्बीनाचे ओठ हलले.

मित्रांनो, सात महिने धीर धरलेल्या बाईला तेवढा एक क्षण धरवला नाही. नीवेस ताडकन उठली. "पाणी? पाणी हवंय का? थांबा, आणते," असे म्हणत ती धावत सुटली. तिच्या पायाने मी उलटी पडले. तीन पाय वर करून मी पडलेली आणि अल्बीनाचे ओठ पुन्हा मिटलेले. नीवेस पेला घेऊन आली तेव्हा अल्बीना भिंतीकडे तोंड करून बसली होती. सव्वीस वर्षे तिथे काढलेल्या एजिदियाबाईने जे केले असते, तेच नीवेसनेही केले होते.

ते तिचे तिलाच कळले. दुसऱ्या दिवशी ती आली आणि बसली. "काल तुम्ही बोलत होतात आणि मी मधेच बोलले. चूक माझी आहे," एवढेच म्हणाली. सबब सांगितली नाही. पुढचे अकरा दिवस अल्बीनाची पाठच दिसत होती. नीवेस त्या पाठीसमोर दहा-दहा मिनिटे बसली.

पण एक गोष्ट नीवेसला ठाऊक नव्हती. त्या पाण्याच्या दिवशी पेला परत नेऊन ठेवायला ती गेली तेव्हा मी तशीच उलटी पडले होते. अल्बीना वाकली, तिने मला उभे केले, बाहीने पुसले आणि होते त्याच जागी, होते त्याच अंतरावर ठेवले. त्या मनगटांची पकड मला कळली. ही बाई हार मानणारी नाही हे मी तेव्हाच ओळखले. पण तिवई सांगणार कोणाला?

नोव्हेंबरच्या चार तारखेला डॉक्टर मोरासी यादी घेऊन आले. तरुण, भला माणूस होता. उभ्याउभ्याच त्यांनी विचारायला सुरुवात केली. नीवेसने मला त्यांच्यापुढे सरकवले. ते बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. कोणी हसले नाही. नीवेस शेजारी फरशीवरच बसली.

"अल्बीनाबाई, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?" डॉक्टरांनी विचारले.

डॉक्टरांची पेन्सिल यादीवर टेकली. एजिदियाबाईने तोंड उघडले. ती अल्बीनाच्याच बाजूने बोलणार होती. तिला गावातल्या घरी जायचंय, असेच सांगणार होती. मला ते नक्की ठाऊक आहे. पण नीवेसने हात वर करून तिला थांबवले. स्वतःचा खालचा ओठ तिने दातांत धरला होता. एक मिनिट गेले, दोन गेली. डॉक्टर चुळबुळले. मी हलले नाही. माझ्या हातात तेवढेच होते आणि तेवढे मी जीव तोडून केले.

मग गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला. "त्या घराची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

नऊ वर्षांनी बाई बोलली होती आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तिथे कोणालाच येत नव्हते. एजिदियाबाई तोंडाला एप्रन लावून रडायला लागली.

"मला माहीत नाही," नीवेस म्हणाली. "चला, बघून येऊ."

दोघी चालत गेल्या आणि जेवणाआधी परत आल्या. खिडकी रस्त्याकडे होती. जाणारी-येणारी माणसे दिसतील, मी तिथे जाईन, असे अल्बीनाने स्वतः डॉक्टरांना सांगितले. त्या दिवशी नोंदवहीत एजिदियाबाईने काय लिहिले ते मी पाहिले नाही, पण लिहायला तिने बराच वेळ घेतला.

संत मार्टिनच्या दिवशी बिऱ्हाड हलले. अल्बीनाचे सामान एका गाठोड्याचे होते. ते एका काखेत आणि दुसऱ्या काखेत तिने मला घेतले. नव्या स्वयंपाकघरात चौघींनी चेस्टनटची फळे भाजली, नव्या द्राक्षांची वाईन आली. नीवेस निघाली तेव्हा अल्बीना तिच्याकडे न बघताच चेस्टनट सोलत म्हणाली, "पोरी, त्या दिवशी मला पाणी नको होतं."

नीवेस दारातच थांबली. मग काय हवं होतं, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, तो मला दिसला. पण आता ती शिकली होती. ती परत आली, माझ्यावर बसली आणि वाट पाहू लागली.

"बसून राहा, एवढंच म्हणायचं होतं," अल्बीना म्हणाली. "आणि तू उठून पळालीस."

दोघी हसल्या, मग रडल्या आणि नीवेस त्या दिवशी दहा मिनिटांनी उठली नाही.

मित्रांनो, अल्बीना त्या घरात शेवटपर्यंत, सोळा वर्षे राहिली. आता तिच्या खिडकीत मी असते आणि माझ्यावर जिरॅनियमची कुंडी असते. कुंडी जड आहे, पण माझी तक्रार नाही. मागणे एकच आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणीतरी गप्प झालेले असेल. त्याच्यासमोर उभे राहून बोलू नका आणि त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका. कुंडी खाली ठेवा, मला ओढून घ्या आणि बसा. ओठ हलले, तरी उठू नका.