मर्डोचा पहिला किल्ट

"शनिवारी हॉलवर नाच आहे. येशील?" बेकरीतल्या शोनाने पावाची पिशवी पुढे करत विचारलं. "पण किल्ट घालून. पँटवाल्यांबरोबर मी नाचत नाही."

स्कॉटलंडमधल्या ओबनच्या फेरीबोटीवर दोरखंड सांभाळणारा मर्डो वर्षभर गरजेपेक्षा जास्त पाव विकत घेत होता, तो हे ऐकायलाच. पण त्याच्याकडे किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा तो चौकड्यांचा, चुण्यांचा घागरा, नव्हता. भाड्याने आणावा तर सोबत काळा कोट यायचा, आणि त्यात तो हॉटेलातला वेटर दिसायचा.

त्याची थोरली बहीण एफी त्याला बाजारात घेऊन गेली. धक्क्यावरच्या दुकानात भडक लाल किल्ट स्वस्तात टांगले होते. एफीने कापड चिमटीत चोळलं. "नायलॉन आहे मेलं. पावसात भिजलं की पडद्यासारखं लोंबेल. चल पुढे."

जुन्या कपड्यांच्या दुकानात तिने कोपऱ्यातून एक हिरवा-निळा किल्ट ओढून काढला. जाड लोकर, आणि मागच्या चुण्यांवरून चौकड्या कुठेही न तुटता सरळ गेलेल्या.

"नेसून गुडघ्यांवर बस."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. तुझे बगळ्याचे पाय सगळ्या गावाला माहीत आहेत."

खालचा काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला. लांबी अगदी बरोबर होती. कंबर सैल होती, पण एफी म्हणाली, "पट्ट्यांची बकलं सरकवून देते मी." पुढे लटकवायला साधी तपकिरी चामड्याची थैली तिथेच मिळाली. वर घरचा राखाडी लोकरी स्वेटर, खाली जाड मोजे आणि बोटीवरचेच बूट, घासूनपुसून.

शनिवारी मर्डोचं काळीज व्हायोलिनच्या आधीच नाचायला लागलं होतं. शोनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिची नजर किल्टच्या पुढच्या पदराला लावलेल्या पिनेवर थांबली.

"वरचा-खालचा दोन्ही पदर एकत्र टोचलेस? पहिल्या गिरकीतच टर्रकन फाटेल."

सगळ्या हॉलसमोर ती खाली वाकली, पिन काढली आणि फक्त वरच्या पदरात नीट लावून दिली. मर्डोचे कान तापले. मागे एफी खोकल्याचं सोंग करत हसत होती.

"कापड छान निवडलंस," शोना उठत म्हणाली. "कुठून आणलंस, ते नंतर सांग. आधी हात दे."

व्हायोलिन सुरू झालं. पहिल्याच गिरकीला मागच्या चुण्या अशा फुलल्या, की मर्डो पावलं चुकला, आणि शोनाने त्याला हसत पुन्हा रांगेत ओढलं. त्या रात्री तिने दुसऱ्या कुणाचाच हात धरला नाही.