पंचेचाळीस

तिसऱ्या वेळचा गर्भही टिकला नाही, तेव्हा कुकटपल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी दीपमाला आणि तिचा नवरा आदर्श दोघांचंही रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. आदर्शने बरंच काही विचारलं. दीपमालाने काहीच विचारलं नाही. त्या तपासणीत काय काय करतात ते तिला पाठ होतं. तारनाक्याच्या विद्यापीठात कित्येक वर्षं ती तेच करत होती, फक्त माशांवर.

तिचा विषय मरळ. तलावावरून जिवंत मरळ आणायची, तिच्या पेशी काचपट्टीवर घ्यायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजत बसायचं. पट्ट्यांच्या मरळीत चाळीस भरतात, ठिपक्यांच्या मरळीत बत्तीस. दोघी एकाच घराण्यातल्या, मग वरची आठ गेली कुठे? दीपमालाचं म्हणणं होतं, कुठेच गेली नाहीत. फार पूर्वी कधीतरी दोन आखूड गुणसूत्रं एकमेकांना चिकटली आणि त्यांचं एक लांब झालं. आतला ऐवज तोच, तुकडे तेवढे कमी. एवढं सिद्ध करता करता तिची तिशी सरत आली होती. मान कायमची अवघडलेली असायची. गाईड मॅडम म्हणायच्या, अजून थोड्या काचपट्ट्या बघून घे, आणि ती बघायची. दवाखान्यातून सुटल्यावरही ती लगेच प्रयोगशाळेत गेली होती, कारण घरी बसून काय करायचं ते तिला सुचलं नव्हतं.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तेलुगू-हिंदीत सावकाश समजवायला घेतलं. आदर्शचं सगळं ठीक होतं. दीपमालाची गुणसूत्रं सेहेचाळीसच्या जागी पंचेचाळीस होती. बाई कागदावर आकृती काढू लागल्या, तेव्हा दीपमालाने फोटोच बघायला मागितला. तेरावं आणि चौदावं, दोन्हींतलं एकेक एकमेकांना चिकटलेलं. ती किती तरी वेळ बघत राहिली. पेशी छान पसरली होती, रंग स्वच्छ बसला होता. ज्याने कुणी हे काम केलं होतं, त्याने नीट केलं होतं.

पुढच्या वेळी सगळं व्यवस्थित होऊ शकतं, पुष्कळ जणींचं होतं, असं बाई म्हणाल्या. शिवाय माहेरच्यांचीही तपासणी करून घ्या, असं सुचवलं.

मेट्रोत आदर्शने विचारलं, म्हणजे तुला काही आजार आहे का? तिने त्याला सांगितलं, आजार नाही. माझ्यात काही कमी नाही की जास्त नाही. पण बीज तयार होताना वाटणी करायची वेळ येते, तेव्हा हे चिकटलेलं जोडपं कधी कधी चुकीच्या बाजूला जातं. मग बाळाला कमी तरी मिळतं नाहीतर जादा तरी, आणि ते टिकत नाही.

तो म्हणाला, "मग तुझ्या माशांचं कसं चालतं?"

"त्यांचंही सगळ्यांचं चालत नाही. जी तरली तेवढीच आपल्याला दिसतात."

रविवारी ती आईकडे गेली. वडील गेल्यापासून भागूबाई धाकट्या मुलाच्या, विकीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायच्या. विकी ड्यूटीवर होता. भागूबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. दीपमालाही समोर बसून पानं खुडू लागली आणि खुडता खुडताच तिने निकालाचं सांगून विचारलं, तुझंही कधी असं गेलं होतं का?

भागूबाईंनी वर पाहिलं नाही. "तुझ्या आधी दोन गेले. तू नि विकी, तुमच्या मधी एक."

हे दीपमालाला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. भागूबाई सांगत राहिल्या. तेव्हा घर नांदेडला होतं. सासू म्हणायची, अंगात उष्णता आहे. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उठता यायला लागलं की कामाला लागायचं.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे माझ्याकडून आलं व्हय तुला?"

खोटं बोलायचंही त्राण दीपमालात नव्हतं. "बहुतेक. तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

भागूबाईंचे हात थांबले.

"आई, तुलाही ते कुणाकडून तरीच आलं असणार. आणि ते असूनही मी झालेच ना."

"मग आता काय करायचं म्हणतीस?"

"काहीच नाही. मला थकवा आलाय गं. खूप."

"मला कुणी विचारलंच नव्हतं," भागूबाई म्हणाल्या, "की बाई, थकलीस का म्हणून." मग भाजी बाजूला सारून त्यांनी सतरंजी अंथरली, उशी दिली आणि लेकीला आडवं केलं. दीपमाला भर दुपारी झोपली. आदर्श न्यायला आला, तेव्हा भागूबाईंनी त्याला दारातच थांबवलं आणि आज राहू द्या म्हणून सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, घरी मी सगळ्यांना सांगून टाकतो, आता मुलाबाळाचं कुणी काही विचारायचं नाही.

आणि त्याने खरंच सांगितलं. दीपमालाने विद्यापीठातून सुट्टी घेतली. मॅडम कुरकुरल्या, पण सही केली. पहिले काही आठवडे ती नुसती झोपायची.

भागूबाईंनी स्वतःहून रक्त दिलं. विकी म्हणाला, "मेरेकू नक्को," पण बाही वर केली. विकीची सेहेचाळीस निघाली, भागूबाईंची पंचेचाळीस. भागूबाईंना स्वतःच्या गुणसूत्रांचा फोटो बघायचा होता. दीपमालाने मोबाईलवर मोठा करून दाखवला, कुठे चिकटलंय त्यावर बोट ठेवलं. भागूबाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

"गेले त्या तिघांचं काही कळंल का ह्यात?"

"नाही, आई."

भागूबाईंनी मान हलवली. मोबाईल लेकीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसून राहिल्या.