तांबड्या मातीचा साप

कोप्पळजवळच्या बसप्पज्जाच्या अंगणात त्या दिवशीही मुंगी शिरायला जागा नव्हती. फोड आलेल्यांच्या अंगावर अज्जा तांबड्या मातीनं साप काढायचा. बायकांची 'तसली' दुखणी पडद्याआड त्याची बायको सांभाळायची. नऊ दिवसांत फोड गायब.

"नाग कोपलाय. माझी माती त्याला बांधते," अज्जा सांगत होता. "परत आला, तर पथ्य तुम्ही मोडलंत."

म्हणजे बरं झालं तर अज्जामुळे, उलटलं तर तुमच्यामुळे. आहे की नाही सोय!

रांगेत नऊ महिन्यांची पोटुशी रत्नव्वा उभी होती. कालपासून खाली फोडांचा झुबका, लघवीला आग. फोडांची ही चौथी खेप.

"दवाखान्यात ऑपरेशन म्हणाले तर?"

"पोटाला सुरी लागली की साप बाळाला डसलाच समज. घरीच बाळंत हो."

तेवढ्यात रत्नव्वाला कळा सुरू झाल्या. सोबतच्या नणंदेनं तिला टमटममध्ये घातलं आणि थेट तालुक्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर शकीलांनी तपासलं. "ऑपरेशन करावं लागेल."

"नको हो, साप डसेल. तीनदा अज्जानंच मातीनं घालवलाय."

"तिन्ही वेळा माती लावली होतीस?"

रत्नव्वानं आठवून पाहिलं. "उगादीला, पाडव्याच्या वेळी, नाही. अज्जा श्रीशैलला गेलते."

"मग किती दिवस राहिले फोड?"

तिनं बोटांवर मोजले. मोजून पुन्हा मोजले. "नऊच."

"हे आपोआपच वाळतात, बाई. हा हर्पिसचा विषाणू. अंगात दडून बसतो, अधूनमधून उठतो. गोळ्यांनी आवरतो, मुळासकट जात नाही. मी खोटं सांगणार नाही. पण फोड असताना बाळ तिथून आलं तर त्याला लागू शकतो. तान्ह्याच्या जिवावर बेततं."

"नवऱ्यानं आणला का?"

"कुणाकडून, कधी, ते कळत नाही. वर्षानुवर्षं न दिसता राहतो. त्यालाही घेऊन ये. फोड असताना जवळ यायचं नाही, एरवी निरोध वापरायचा."

"मला फार भीती वाटते."

"वाटू दे. भीत भीत सही कर."

तिनं केली. मुलगी झाली, धडधाकट.

दोन महिन्यांनी लेकीला घेऊन रत्नव्वा अंगणात गेली. "बघा माझ्या मातीचा प्रताप!" अज्जा रांगेला म्हणाला.

रत्नव्वाला भीती वाटतच होती, तरी ती बोललीच. "अज्जा, उगादीला तुम्ही इथं नव्हता. फोड तेव्हाही नऊच दिवसांत गेले." मग ती बायकांकडे वळली. "माझं ऐकू नका, आपापले दिवस मोजून बघा. पण पोटात बाळ असेल, तर मोजत बसू नका. दवाखाना गाठा."