कुसुमताईंच्या वजनाचं पोतं

पुढच्या सीटवर कांद्याचं पोतं बसवून झालं तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "पट्टा लावा त्याला."

मेकॅनिक उत्तरेश्वरने पोत्याला सीटबेल्ट लावला. गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून कुसुमताई हे बघत होत्या. त्यांना कधी कुणी पट्ट्याची आठवण करून दिली नव्हती.

पोतं जवळच मार्केट यार्डातून आणलं होतं, अंदाजाने कुसुमताईंच्या वजनाचं. अंदाज दिगंबररावांचा. "थोडे काढू का?" उत्तरेश्वरने विचारलं होतं. "राहू द्या," दिगंबरराव म्हणाले होते. कुसुमताईंनी दोघांचंही लक्षात ठेवलं.

प्रकरण असं होतं की महिनाभर गाडी तापत होती, पण कुसुमताई आत असतील तेव्हाच. दिगंबरराव पहाटे एकटे तळजाईला फिरायला जात, तेव्हा तापमानाचा काटा गप्प. संध्याकाळी दोघं मंडईला निघाले, की शनिपाराच्या अलीकडेच काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटमधून वाफ. दिगंबररावांची उभी हयात प्रयोगशाळेत गेली होती. दोन फेऱ्यांत काय बदलतं ते शोधायचं, एवढंच त्यांना माहीत. बदलणारी गोष्ट एकच दिसत होती आणि ती साडी नेसून शेजारी बसत होती. हा निष्कर्ष त्यांनी सदाशिव पेठेतल्या आपल्या सोसायटीत जाहीरही केला. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचा केदार लिफ्टमध्ये भेटला की म्हणे, "काकू, जरा थंड घ्या."

उत्तरेश्वरने कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला. उपयोग शून्य.

आणि येत्या रविवारी साताऱ्याला भाचीचं, अपूर्वाचं, लग्न. दिगंबररावांनी बेत सांगितला: ते गाडीने, कुसुमताई एसटीने.

"वाटेत खंबाटकीचा घाट आहे. इंजिनचा विचार करायला हवा."

"माझी एकदा शेवटची तपासणी करा," कुसुमताई म्हणाल्या. "दोषी ठरले तर जाते एसटीने."

म्हणून हे पोतं.

दुपारी दोघे पुरुष पोत्याला बायपासवर फिरवून आले. काटा हलला नाही.

"पोतं निर्दोष आहे," दिगंबररावांनी जड आवाजात सांगितलं.

"अभिनंदन करा त्याचं. बसू का मी आता?"

पोतं उतरलं, कुसुमताई बसल्या, उत्तरेश्वर मागे बसला. तोवर ऊन उतरलं होतं आणि यार्डाच्या गेटपाशी भाजीच्या ट्रकांची रांग लागली होती. गाडी त्या रांगेत अडकली आणि काटा चढायला लागला. उत्तरेश्वर मूळचा लातूरकडचा, चमत्काराला आडकाठी न करणारा माणूस. तो पुढे वाकून म्हणाला, "काकू, तुमी आत्ता काय विचार करायलाव का?"

"करतेय. सांगू?"

"नको," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी किल्लीकडे हात नेला.

"काका, बंद नका करू. गॅरेजात बी हेच करता. मिनिटभर गाडी चालू ठिवू देत नाही तुमी, मग कळावं कसं मला?"

"उभ्या गाडीत पेट्रोल जळतं."

पण किल्ली तशीच राहिली. इंजिन चालू, पुढे ट्रक, काटा वर. कुसुमताई कान देऊन ऐकत होत्या.

"अहो, ती घरघर कुठे गेली?"

"कसली?"

"पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर पुढून वाजत राहायची ती. मी पिशव्या काढेपर्यंत चालायची."

"ती होय," दिगंबररावांचा चेहरा उजळला. "ती मी बंद केली. गाडी बंद, माणसं घरात, आणि पंखा आपला चालूच. खोलीतून जाताना पंखा बंद करतो ना आपण? पुस्तिकेत बघून त्याचा फ्यूजच काढला."

उत्तरेश्वरने दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढलं.

"काका," उत्तरेश्वर म्हणाला, "त्यो रेडिएटरचा पंखा हाय."

"तेच म्हणतोय मी. गाडी बंद असताना..."

"चालू असताना बी त्योच लागतो. मोकळ्या रस्त्याला वारा लागतो, भागतं. गर्दीत वारा कोण घालणार?"

दिगंबररावांनी काट्याकडे पाहिलं. मग समोरचा कप्पा उघडून औषधाची जुनी डबी काढली. आत कापसात फ्यूज होता. वस्तू टाकून द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

फ्यूज बसला, पुढे घरघर सुरू झाली आणि काटा खाली आला. कुसुमताई जागच्या हललेल्या नव्हत्या.

"काकू, तुमी बी निर्दोष," उत्तरेश्वर म्हणाला.

"म्हणजे आले मी पोत्याच्या बरोबरीला."

उत्तरेश्वरला गॅरेजपाशी सोडून दोघं घरी आले. सोसायटीच्या गेटात केदार उभाच होता. तो खिडकीशी वाकला.

"काय निघालं, काका? काकूच ना?"

"पंख्याला फ्यूज नव्हता."

"असा कसा नव्हता? मेकॅनिकने काढला असेल. ही लोकं ना..."

उत्तरेश्वर तिथे नव्हता. नुसतं "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. दिगंबररावांनी स्टिअरिंगकडे बघत घसा साफ केला.

"मी काढला होता. हिचा काही संबंध नाही."

केदारने हसायला जागा आहे का ते पाहिलं. नव्हती. तो गेला.

या वाक्याची कुसुमताई महिनाभर वाट बघत होत्या. त्यावर काय काय बोलायचं तेही त्यांनी एकाहून एक घोटून ठेवलं होतं. तोंड उघडायला त्या वळल्या, तर त्यांना दिगंबररावांच्या शर्टाची कॉलर दिसली. घासून घासून फाटली होती, आतलं अस्तर डोकावत होतं.

"रविवारी लग्नाला हाच घालणार?"

"चांगला आहे की."

"वर गेल्यावर काढून द्या. कॉलर उलटून देते."

दिगंबरराव उतरले, वळसा घालून कुसुमताईंच्या बाजूला आले आणि त्यांच्यासाठी दार उघडायला लागले. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. दार आतून लॉक होतं. कुसुमताईंनी त्यांना थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं.