आडव्या कबरीची कुदळ

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. तशी मी एक जुनी कुदळ, भिंतीला टेकवली की गुमान उभं राहणं हाच माझा धर्म. पण माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती वेळेवर कुणाला तरी कळायला हवी. मोठ्या माणसांवर माझा भरवसा नाही. ती 'हो हो' म्हणतात आणि विसरतात. म्हणून तुम्हा मुलांना सांगते.

वालूरच्या मुंजाजी लोहाराने बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड तापवून मला घडवलं. "हिरीच्या कामाला जाईल ही, लय पानी पाहील," असं तो आपल्या बायकोला सांगत होता. मीही त्याच स्वप्नात होते. झालं भलतंच. तिथून कोसभरावरच्या एका खेड्यात ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं आणि मातीच्या भिंतींचं त्यांचं देऊळ होतं. तिथल्या याकोब पाद्रींनी मला विकत घेतलं ते दफनभूमीसाठी. पाण्याऐवजी माझ्या वाट्याला माणसं आली.

खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. पण काम करता करता मन रमलं. गावाने ख्रिस्ती वस्तीला दिलेली जागा म्हणजे ओढ्याकाठची बरड, मुरमाड जमीन, जिच्यात कुसळसुद्धा धड उगवत नसे. तिथे फावड्याचं काही चालायचं नाही. पहिला मान माझा. कबर खोदायची रीत ठरलेली होती, डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला. पुनरुत्थानाच्या दिवशी माणूस उठून बसला की त्याचं तोंड थेट सूर्याकडे व्हावं, असं पाद्री सांगत. त्यामुळे साऱ्या कबरी पेरणीच्या ओळींसारख्या एका दिशेने होत्या. माती लोटून झाली की पाद्री देवळातल्या मोठ्या वहीत मयताचं नाव, वय आणि तारीख लिहीत. वही कपाटात राहायची आणि मी कपाटामागे. आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशी तिची ऐट असे.

मग पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. पाद्री औषध आणायला परभणीला गेले आणि इकडे तानुबाईची लेक गेली. तिचं नाव सालोमी. नुकते तिचे दुधाचे दात पडू लागले होते. तानुबाईचा नवरा आधीच वारलेला. वस्तीतले पुरुष एकतर आजारी होते, नाहीतर दाराला कडी लावून बसले होते. ती माउली एका खांद्यावर लेकरू आणि दुसऱ्या खांद्यावर मला घेऊन निघाली. पण रडून रडून तिच्या हातात जोर कुठला उरलेला? मुरमावर मी नुसती ठणठण वाजत राहिले.

तो आवाज ओढ्यापलीकडच्या कबरस्तानात बुऱ्हाणभाईने ऐकला. मुसलमानांच्या कबरी खोदणं हे त्याचं पिढीजात काम. तो आला आणि काही न विचारता त्याने मला तिच्या हातातून घेतलं. काय हात होता तो! तसा हात मला पुन्हा लाभला नाही. पण मित्रांनो, हाताला सवय असते. जन्मभर त्याने दक्षिणोत्तर कबरी खोदल्या होत्या. तशीच हीही खोदली. माझ्या ध्यानात आलं होतं, मी अडत होते, दगडाला मुद्दाम अडखळत होते. पण कुदळीचं कोण ऐकतं? लेकराला ठेवून माती लोटल्यावर त्याने मान वर केली, शेजारच्या कबरी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! बहेन, हात आमच्या वळणावर गेला. परत काढू का?"

"नगं भाऊ," तानुबाई म्हणाली. "आत्ता कुठं निजलीय. उठवू नका तिला."

याकोब पाद्री परतले ते पटकी अंगात घेऊनच. दोन रात्रीत तेही गेले आणि सालोमीची नोंद राहून गेली. पुढे बराच काळ वस्तीला पाद्रीच नव्हता. दरवर्षी ईस्टरच्या आधी तानुबाई चुन्याचं मडकं घेऊन यायची, ती आडवी कबर पांढरी करायची आणि तिच्याजवळ बसून लेकीशी बोलायची.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. आधी रझाकारांच्या भीतीने गावाची झोप उडाली होती. मग निजामाचं राज्य गेलं, पण भीती काही गेली नाही. तिने फक्त घर बदललं आणि ती बुऱ्हाणभाईच्या मोहल्ल्यात जाऊन बसली. तिथल्या माणसांनी एकटंदुकटं बाहेर पडणं धोक्याचं झालं. आमच्या वस्तीचा पंच चंद्रभान तर सावलीला भिऊ लागला. एके सकाळी तो मला घेऊन दफनभूमीत आला. मागे नवे पाद्री एलियाजर होते.

"ही आडवी कबर मोडून टाकू," चंद्रभान म्हणाला. "उद्या कुनी म्हनलं, तुमी मुसलमानाची कबर जपायलाव, तर आपली घरं राहतील का?"

माझं पातं थंडगार पडलं. जी मी खोदली तीच मी मोडायची? तेवढ्यात तानुबाई धावत आली आणि कबरीवर आडवी पडली. पाद्री हळू आवाजात म्हणाले, "बाई, वहीत तुमच्या लेकीचं नाव नाही. साक्षीला कुणी आहे का?"

"हाय. बुऱ्हाणभाई हाय," ती म्हणाली. "पर त्याला बोलावू नका. त्याच्या जिवावर बेतंल. त्यापरीस माझ्यावर चालवा कुदळ."

सालोमी गेली त्या दिवशी कड्या लावून बसलेले सगळे आता तिथे उभे होते. साक्ष द्यायची सोडून एकेक जण मागे सरकला. मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

खेड्यात बातमीला पाय फुटतात. दुपार व्हायच्या आत बुऱ्हाणभाई भर गावातून, पारावरच्या माणसांसमोरून एकटा चालत आला. डोक्यावर त्याची नेहमीची टोपी होती. "पाद्रीसाब," तो म्हणाला, "कबर मी खोदली. चूक माझी हाय, पोरगी हिची हाय. लिहून घ्या."

चंद्रभानच्या हातातून मी खाली पडले. एलियाजर पाद्रींनी वही दफनभूमीतच मागवली आणि कबरीशेजारी बसून सालोमीचं नाव लिहिलं. 'माती कुणी दिली' या रकान्यात पाद्रीचं नाव लिहायची रीत. तिथे त्यांनी बुऱ्हाणभाईचं नाव लिहिलं. मग चंद्रभान खाली मान घालून पुढे झाला आणि बुऱ्हाणभाईला त्याच्या दारापर्यंत पोचवून आला.

पाद्रींनी तानुबाईला विचारलं, "कबर सरळ करून घ्यायची का आता?"

"नगं. पर माझी येळ आली की मला बी हिच्या शेजारी आडवीच ठेवा."

"बाई, शेवटच्या दिवशी तुमचं तोंड उगवतीला नको का?"

"साऱ्यायचं राहू द्या उगवतीला. मी उठले की आधी लेकीकडं बघीन."

पाद्री म्हणाले, "बघू." हे मात्र त्यांनी कुठेच लिहून ठेवलं नाही, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. आता बुऱ्हाणभाई हैदराबादला मुलाकडे गेला. तानुबाई खोकत असते. माझा दांडा वाळवीने पोखरलाय, मला कुणी हात लावत नाही. जमलं तर मला नवा दांडा बसवा. वहीत ज्यांची नावं राहून गेली ती म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या.

आणि तानुबाईचा दिवस येईल तेव्हा नक्की या. मोठी माणसं सवयीने तिचं डोकं मावळतीला धरून खोदायला लागतील. तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी पुढे होऊन म्हणा, "असं नाही, सालोमीसारखं." कुदळीचं ती ऐकणार नाहीत हो.