हात पदराखाली घ्या

वैशाखाचे ऊन सोलापुरावर उतरले होते. ताम्रवर्ण, तप्तश्वास, निर्दय ऊन. विणकरांच्या वस्तीतल्या पत्र्यांवर ते वितळत होते, आणि पत्र्याखालच्या एकुलत्या खोलीत नरसूबाई येमूल परदेशी झग्यांवर मणी शिवत होती. मणी, गाठ, मणी, गाठ. जिथे चूल, तिथेच कारखाना. जिथे अंथरूण, तिथेच गोदाम.

दुपारी ठेकेदार तिप्पण्णा आला. अत्तरगंधी, सुवर्णशृंखलामंडित, घामावर जगून घामाला नाक मुरडणारा तिप्पण्णा! हातात भाड्याने आणलेली जरीची साडी.

“ही गुंडाळ. कंपनीच्या मॅडम येतायत, फोटो काढायला. विचारलं तर सांग, हौस म्हणून करते, फावल्या वेळात. जास्त बोललीस तर कामाचं गाठोडं बंद.”

गाठोडे बंद म्हणजे चूल बंद. विटक्या पातळावरच नरसूबाईने जरीची साडी गुंडाळली.

मॅडम आल्या. शुभ्रवसना, शीतनयना, गार गाडीतून उतरलेल्या. उंबऱ्यातच नाकाला रुमाल. त्या रुमालाआडून मॅडमची करुणा बोलली, “किती छान ना! घरच्या घरी काम, मुलांकडेही लक्ष. आमच्या ग्राहकांना हे फार आवडतं.”

ग्राहक! हिमधवल नगरांतले ते कोमलहृदयी ग्राहक, ज्यांना झग्यासोबत एक हसरी गरीब बाईही हवी असते, शक्यतो फुकट.

कॅमेरा रोखला गेला. नरसूबाईने झगा मांडीवर घेतला आणि वर हात ठेवले. सुईने चाळण झालेली बोटे, वाळल्या रक्ताचे काळे तीळ, कायमचा वाकलेला अंगठा.

कॅमेरावाला थबकला.

“हात जरा पदराखाली घ्या हं,” मॅडम मधाळ स्वरात म्हणाल्या. “चेहरा गोड आहे तुमचा.”

नरसूबाईने हातांकडे पाहिले. वर्षानुवर्षे तिने ते कुणाला दाखवले नव्हते. आज प्रथमच कुणी ते पाहिले होते, आणि पाहून लपवायला सांगितले होते. तिच्या आत काहीतरी धगधगत उठले, भट्टीच्या तोंडासारखे लाल.

“हात नकोत? मग हे शिवलं कशानं म्हणून सांगणार, बाई? हसून?”

“ए, गप!” तिप्पण्णा ओरडला.

“हौस न्हाई बाई, पोट हाय. आन् फावला वेळ तर मी कधी बघितलाच न्हाई.”

ती उठली. अंगावरची जरीची साडी सोडली, तिप्पण्णाच्या खांद्यावर टाकली. “घ्या. तुम्हीच नेसा. हसायला तुम्हालाच चांगलं जमतंय.”

दारात दाटलेल्या बायकांतून शेजारची रहमतबी आधी हसली. मग सारी गल्ली हसली. खळाळून, कडाडून, आसूडासारखी हसली. मॅडम गाडीत शिरल्या. रुमाल तेवढा उंबऱ्यात पडला, आणि कुणी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी नरसूबाईचे गाठोडे आले नाही. रहमतबीचे आले. तिने दारातूनच परत फिरवले. पुढच्या दाराने फिरवले, त्यापुढच्याने फिरवले. ज्वारीच्या पातळ कण्यांवर घरे तगली, पण सुई कुणी उचलली नाही. आणि तिकडे बंदरावर झग्यांसाठी जहाज खोळंबले होते.

अखेर तिप्पण्णा स्वतः गाठोडे पाठीवर घेऊन दारोदार फिरला. अत्तर उतरले, साखळी घामाने मानेला चिकटली. “बोला ना कुणी,” तो म्हणत होता, “काय पाहिजे ते बोला.” बायका उंबऱ्यांवर मांडी घालून बसल्या होत्या, उघडे हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बघत होत्या. शिवून झालेले झगे एकेक बाई रोज डोईवरून पोचवी, तेवढेच ओझे. पण तो चार दारांत वाकला, सहा दारांत धापा टाकू लागला, आणि गल्लीच्या टोकाला, कुत्र्याने हेरलेल्या सावलीत, कुत्र्याला उठवून, मटकन बसला.